परक्या यकृताची राखण



व्याख्यानमालेच्या चालकांनी माझ्याकडे विषय मागितला, तेव्हा ‘यकृतारोपण झालेले रोगी आणि करोनाची साथ’ असा विषय मी कळवला. चिटणीसांनी तो वाचून मला विचारले, “डॉक्टर, असे रोगी आपल्या गावात असतील तरी किती? चार-सहा माणसांच्या आजारासाठी तीनशे माणसांनी तासभर का बसावे?” प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर मी शेवटी देणार आहे. आपण तोवर बसावे, एवढीच विनंती.

मी शस्त्रवैद्य नव्हे. यकृतारोपणाची शस्त्रक्रिया मोठ्या शहरात होते. रोगी बरा होऊन गावी परततो आणि पुढे त्याचा ताप, खोकला, पोटदुखी पाहण्याचे काम आमच्यासारख्या गावच्या डॉक्टरकडे येते. त्या उंबरठ्यावरून मला जे दिसले तेच आपल्यापुढे मांडतो.

आपल्या भाषेत ‘काळीज’ हा शब्द मोठा सोयीचा आहे. कोणी त्याने हृदय समजतो, कोणी यकृत. आई लेकराला ‘काळजाचा तुकडा’ म्हणते तेव्हा तो अलंकार असतो. यकृतारोपणात मात्र तो अलंकार राहत नाही. आपल्या देशात बहुतेक यकृते जिवंत नातलगांनी दिलेली असतात. बायको नवऱ्याला देते, मुलगा बापाला देतो, आई लेकराला देते. प्रौढ रोग्यासाठी बहुधा दात्याच्या यकृताचा उजवा, मोठा भाग काढून घेतात. या अवयवाचा गुण असा विलक्षण, की दात्यापाशी उरलेला भाग आणि रोग्याला दिलेला भाग, दोन्ही काही महिन्यांत वाढून जवळजवळ पुऱ्या आकाराचे होतात.

ही विद्या फार जुनी नाही. १ मार्च १९६३ रोजी अमेरिकेत डेन्व्हर येथे टॉमस स्टार्झल यांनी पहिले मानवी यकृतारोपण केले. रोगी तीन वर्षांचा मुलगा होता. तो शस्त्रक्रियेच्या मेजावरच रक्तस्रावाने गेला. वर्षाहून अधिक काळ जगणारा रोगी मिळायला १९६७ साल उजाडावे लागले. आपल्याकडे अवयवारोपणाचा कायदा १९९४ साली झाला आणि १९९८ साली दिल्लीत वीस महिन्यांच्या एका मुलाला त्याच्या बापाने दिलेले यकृत लाभले.

शस्त्र आणि टाका यांचे काम पुढे साधले; पण खरी अडचण निराळीच होती. आपले शरीर म्हणजे एक वाडा आहे असे समजा. देवडीवर पहारेकरी आहेत. घरचे कोण आणि परके कोण हे ते चेहऱ्यावरून ओळखतात आणि परक्यावर तुटून पडतात. रोगजंतू आला तर ते त्याला मारतात. पण सन्मानाने आणलेला पाहुणा आला, तरी त्यालाही ते सोडत नाहीत! आरोपण केलेले यकृत हा तसा पाहुणा आहे. तेव्हा पहारेकऱ्यांना औषध देऊन थोडे सुस्त ठेवावे लागते. जपानात त्सुकुबा येथील मातीतल्या एका सूक्ष्म जंतूपासून १९८४ साली मिळालेले टॅक्रोलिमस हे त्या औषधांतले आज सर्वांत अधिक चालणारे औषध. त्याच्या जोडीला काहींना मायकोफेनोलेट, काहींना स्टेरॉइड. पहारेकरी फार जागे राहिले तर पाहुण्याचा जीव धोक्यात, फार झोपले तर चोरांचे फावते. म्हणून रक्तातील औषधाचे प्रमाण वरचेवर तपासून तराजूचा काटा मध्यावर ठेवायचा. आणि हे एक-दोन वर्षे नव्हे, तर बहुतेकांना जन्मभर.

अशा माणसांच्या दारी २०२० साली करोना आला. जागतिक आरोग्य संघटनेने ११ मार्चला ही जगभरची साथ असल्याचे जाहीर केले आणि २५ मार्चपासून आपल्याकडे देशभर टाळेबंदी सुरू झाली. ते दिवस आपण कोणीच विसरलेलो नाही. भिंतीवर, वर्तमानपत्रात, हातातल्या फोनवर एकच उपदेश होता: प्रतिकारशक्ती वाढवा! ज्याला त्याला काढा, ज्याला त्याला चूर्ण. आता विचार करा, ज्याचा जीव प्रतिकारशक्ती बेताने दाबून ठेवण्यावरच अवलंबून आहे, त्याने हा उपदेश वाचून काय करावे?

माझ्या पाहण्यातल्या एका निवृत्त शिक्षकांनी काय केले ते सांगतो. त्यांना त्यांच्या पत्नीने यकृत दिले होते. गुरुजी गणिताचे. टाळेबंदीच्या दुसऱ्या महिन्यात त्यांनी मनाशी समीकरण मांडले: गोळ्या प्रतिकारशक्ती कमी करतात, करोनाशी झुंजायला प्रतिकारशक्ती हवी, म्हणून गोळ्या नकोत. कोणाला न सांगता त्यांनी गोळ्या आधी निम्म्या केल्या, मग सोडल्या. काही आठवड्यांत डोळे पिवळे झाले, अंगाला खाज सुटली. गाड्या बंद होत्या. परवाने काढून त्यांना मोठ्या शहरात नेईपर्यंत दोन दिवस गेले. शरीर यकृत नाकारू लागले होते. ते थांबवण्यासाठी स्टेरॉइडचे भारी डोस द्यावे लागले. म्हणजे जी प्रतिकारशक्ती वाढवायला ते निघाले होते, ती पहिल्यापेक्षा कितीतरी अधिक दाबावी लागली, आणि तीही ऐन साथीत, रुग्णालयात, रोग्यांच्या गर्दीत! आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. यकृत वाचले. घरी आल्यावर त्यांच्या पत्नी माझ्यासमोरच त्यांना म्हणाल्या, “अहो, गोळ्या सोडताना मला विचारायचं तरी! ते काय तुमचं एकट्याचं आहे?”

गुरुजींना हसण्याचा अधिकार आपल्याला नाही. त्या वेळी त्यांचे गणित अडाणीपणाचे नव्हते. मोठमोठे वैद्यही त्याच शंकेने अस्वस्थ होते. उत्तर मिळाले ते तर्काने नव्हे, तर रोग्यांची मोजदाद केल्याने.

पहिली वार्ता उत्तर इटलीतून आली, जिथे साथीचा कहर झाला होता. बेर्गामो येथील रुग्णालयाच्या देखरेखीखाली यकृतारोपण झालेली सुमारे २०० मुले होती. साथीच्या सुरुवातीच्या आठवड्यांत त्यांच्यापैकी एकालाही फुप्फुसाचा विकार जडला नव्हता. लागोपाठ मिलानहून दुसरे निवेदन आले. आरोपणाला दहा वर्षे उलटलेल्या १११ रोग्यांपैकी तिघे करोनाने दगावले. तिघेही पासष्टीपुढचे पुरुष, स्थूल, मधुमेही आणि रक्तदाबाचे रोगी. प्रतिकार दाबणारे औषध त्यांच्या रक्तात अगदी थोडे होते. उलट, नुकतेच आरोपण झालेल्या आणि पुरत्या मात्रेत औषधे घेणाऱ्या ४० जणांपैकी तिघांना लागण झाली, पण ते सुखरूप राहिले. आकडे लहान होते, त्यांवरून निर्णय करता येत नव्हता. पण गुरुजींच्या समीकरणात कोठेतरी चूक आहे, हे त्यांतून दिसू लागले.

मग १८ देशांतील डॉक्टरांनी मिळून १५१ यकृतारोपित रोग्यांची नोंद केली आणि इंग्लंडमधील ऑक्सफर्ड येथील ६२७ इतर करोनारोग्यांशी त्यांची तुलना केली. आरोपितांपैकी शेकडा १९ दगावले, इतरांपैकी शेकडा २७. यावरून आरोपण झालेला माणूस अधिक सुरक्षित, असे मात्र कोणी समजू नये. आरोपितांचे वय कमी होते. शिवाय अतिदक्षता विभागात ठेवावे लागण्याचे प्रमाण त्यांच्यात शेकडा २८, तर इतरांत शेकडा ८ एवढेच होते. वय, इतर व्याधी वगैरे जमेस धरून हिशेब केला तेव्हा निष्कर्ष निघाला तो असा: आरोपण झाले एवढ्याच कारणाने मृत्यूचा धोका लक्षणीय वाढत नाही. धोका वाढवतात ते उतारवय, बिघडलेली मूत्रपिंडे आणि अन्य कर्करोग.

स्पेनमधील पाहणीने याला आणखी जोड दिली. तेथे यकृतारोपित लोकांना लागण होण्याचे प्रमाण सर्वसाधारण जनतेच्या जवळजवळ दुप्पट आढळले. पण वय लक्षात घेता मृत्यूचे प्रमाण अधिक नव्हते. मायकोफेनोलेट घेणाऱ्यांत आजार अधिक तीव्र होई, विशेषतः दिवसाला १००० मिलिग्रॅमच्या वर असणाऱ्यांत. सर्व औषधे एकदम बंद केल्याने मात्र काही लाभ दिसला नाही. युरोपातील आणखी एका मोठ्या पाहणीत टॅक्रोलिमस घेणारे रोगी अधिक संख्येने वाचलेले आढळले. म्हणजे ‘औषधे’ असा एकच गठ्ठा बांधून ती चालू ठेवा किंवा फेकून द्या, असा हा व्यवहार नव्हता. कोणते औषध, किती, आणि आजाराच्या कोणत्या पायरीवर, हे पाहणे भाग होते.

असे का व्हावे? करोनाच्या तीव्र आजारात, विशेषतः उत्तरार्धात, फुप्फुसांची नासाडी केवळ विषाणू करत नाही. पिसाळलेले पहारेकरीही चोराला शोधता शोधता वाड्याच्या भिंती पाडतात. जून २०२० मध्ये इंग्लंडमधील मोठ्या चाचणीत डेक्सामेथासोन या साध्या, स्वस्त स्टेरॉइडने श्वासयंत्रावरील रोग्यांचे मृत्यू सुमारे एक-तृतीयांशाने घटले. पण प्राणवायू देण्याची गरज नसलेल्यांना त्याचा लाभ झाला नाही. यातून एवढे तरी शिकावे, की प्रतिकारशक्ती म्हणजे बँकेतली ठेव नव्हे, की जितकी वाढेल तितकी बरी. ती संगीतातल्या तंबोऱ्यासारखी आहे. तार ढिली नको आणि ताठही नको.

काढ्यांविषयी दोन शब्द बोललेच पाहिजेत. २०२० सालच्या अखेरीस मुंबईतील यकृततज्ज्ञांकडे कावीळ झालेले काही रोगी आले. साथीच्या भयाने ते गुळवेल घेत होते. अशा सहा रोग्यांचा वृत्तांत या डॉक्टरांनी २०२१ साली प्रसिद्ध केला. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षाला हरकत घेतली. पुढे देशातील अनेक केंद्रांतून तसेच वृत्तांत आले. त्या वादाचा निवाडा मी येथे करत नाही. माझे म्हणणे इतकेच, की ज्याचे यकृत दान मिळालेले आहे, त्याने प्रतिकारशक्ती वाढवणारे कोणतेही चूर्ण डॉक्टरांना विचारल्यावाचून तोंडात घालू नये. हीच गोष्ट नव्या औषधांची. करोनावरील निर्माट्रेल्विर या गोळीच्या जोडीला रिटोनाविर असते. ते टॅक्रोलिमसचा निचरा रोखते आणि त्याचे रक्तातील प्रमाण विषारी पातळीपर्यंत चढू शकते. एकाला तारणारी गोळी दुसऱ्याला मारक ठरते ती अशी.

आता लशीकडे वळू. १६ जानेवारी २०२१ रोजी आपल्या देशात लसीकरण सुरू झाले. पुण्यात तयार झालेली कोविशील्ड आपल्यापैकी बहुतेकांनी टोचून घेतली असेल. आरोपितांना जिवंत विषाणूंच्या लशी, जशी गोवराची, सहसा देत नाहीत. पण करोनाच्या या लशी शरीरात वाढत नाहीत, म्हणून त्यांना चालतात. मात्र सुस्त पहारेकरी लशीचा धडाही उशिरा शिकतात. तेल अवीव येथे ८० यकृतारोपित लोकांना दोन डोस दिल्यावर निम्म्यांहूनही कमी लोकांत प्रतिपिंडे आढळली. निरोगी माणसांत ती सर्वांच्या रक्तात होती. फ्रान्समध्ये तूलूझ येथे निरनिराळ्या अवयवांचे आरोपण झालेल्या १०१ जणांची पाहणी झाली. त्यात पहिल्या डोसानंतर शेकडा ४, दुसऱ्यानंतर शेकडा ४० आणि तिसऱ्यानंतर शेकडा ६८ लोकांत प्रतिपिंडे दिसली. याचा एक अर्थ असा, की लस घेत राहणे व्यर्थ नाही. दुसरा अर्थ अधिक गंभीर आहे. तीन डोसांनंतरही तिघांतला जवळजवळ एक जण रक्तात ती ढाल नसलेलाच राहिला. त्याने करायचे ते सारे केले. त्याच्याकडून काही राहिले नाही.

मग त्याचे रक्षण कोणी करायचे? येथे मी चिटणीसांच्या प्रश्नाकडे येतो. ज्याच्या वाड्याची भिंत औषधाने ठेंगणी ठेवली आहे, त्याची दुसरी भिंत म्हणजे शेजारी. विषाणू त्याच्यापर्यंत उडत जात नाही. तो तुमच्याआमच्या घशातून जातो. घरच्यांनी लस घेतली, खोकला असताना भेटीस जाणे टाळले, दवाखान्यात तोंडावर पट्टी बांधली, तर ती भिंत उभी राहते. जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी आणीबाणी संपल्याचे सांगितले. पण विषाणू संपलेला नाही, आणि गुरुजींच्या गोळ्याही संपलेल्या नाहीत. आपण पट्टी खुंटीला टांगली, ते अजून गर्दीत जाताना विचार करतात.

म्हणून चिटणीसांना माझे उत्तर असे: हा विषय त्या चार-सहा जणांचा असता, तर मी त्यांना दवाखान्यात बोलावून सांगितला असता. तो उरलेल्या तीनशेंचा आहे, म्हणून येथे मांडला. गुरुजींच्या पत्नी म्हणाल्या, ते काय तुमचं एकट्याचं आहे? मला वाटते, त्यांचा प्रश्न आपणां सर्वांनाही लागू आहे. एका माणसाने आपल्या काळजाचा तुकडा काढून दुसऱ्याला दिला; आपल्याला तेवढे द्यावे लागत नाही. खोकला आला असता चार दिवस घरी बसावे, इतकेच मागणे आहे.