नीलम घेताय? आधी हे तीन प्रश्न विचारा

मी कोड लिहितो, रत्नं विकत नाही. पण गेल्या वर्षी आईसाठी नीलमची अंगठी घेतली. दुकानदार म्हणाला, "अस्सल आहे," आणि मी मान डोलावली.

अंगठी सैल होत होती, म्हणून सोनाराकडे दिली. ज्योतीची धग लागली आणि खडा डागाळला. लॅबमध्ये तपासला, तर भेगांमध्ये रंगीत काच भरलेली! आई एवढंच म्हणाली, "जाऊ दे रे." तेच जास्त लागलं.

मग बसून अभ्यास केला. नीलम म्हणजे कोरंडम, ॲल्युमिनियमचं ऑक्साइड. लोह आणि टायटॅनियमच्या अंशामुळे निळा. क्रोमियममुळे लाल झाला, की तोच माणिक! मोह्‌स मापावर कठीणपणा 9, म्हणजे रोज वापरायला उत्तम.

आता तीन प्रश्न. एक, खाणीतला की लॅबमध्ये बनवलेला? लॅबमधलाही नीलमच, पण बराच स्वस्त मिळायला हवा. दोन, तापवलाय का? रंग खुलावा म्हणून बहुतेक नीलम तापवतात. त्यात वावगं नाही, तो रंग टिकतो. पण न तापवलेल्याचे पैसे देऊ नका. तीन, काच भरलीय का? असेल तर नकोच. त्या काचेला लिंबाचा रससुद्धा खातो.

आणि हो, खडा दुकानातल्या दिव्याखाली नाही, दारात दिवसाच्या उजेडात बघा. काळपट वाटला तर सोडा.

माझा खडा खाणीतलाच होता. म्हणजे "अस्सल" हे खोटं नव्हतं, अर्धवट होतं. म्हणून उत्तरं तोंडी नकोत, लॅबच्या सर्टिफिकेटवर हवीत. पैसे देण्याआधी!

भेटू पुढच्या भागात.