झडपेचे दुखणे व घरची शुश्रूषा
(अंबड येथील ज्ञातिमेळाव्यात केलेले भाषण)



अंबडच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर जाणारी आपली कित्येक कुटुंबे एकेका खोलीत राहतात. अशा दाटीत एका मुलाचा घसा दुखू लागला की दुसऱ्याचाही दुखतो, व आपण तिकडे कानाडोळा करतो. त्यातील एखाद्यास दोनतीन आठवड्यांनी ताप येऊन गुडघे, घोटे सुजतात. हाच संधिज्वर. सांध्यांची सूज ओसरते. हृदयाच्या झडपेवरील व्रण मात्र राहून जातो.

अशा रोग्यास दम लागत असल्यास उशांचा आधार देऊन टेकून बसवावे, मीठ कमी द्यावे, रोज सकाळी वजन करावे. ते एकाएकी वाढल्यास अंगात पाणी साठत असल्याचे समजून दवाखाना गाठावा.

परंतु खरी कसोटी रोगी हिंडूफिरू लागल्यावर लागते. पेनिसिलिनचे इंजेक्शन दर ३-४ आठवड्यांनी, आणि झडप बिघडली असल्यास निदान १० वर्षे, कित्येकदा वयाच्या चाळिशीपर्यंत घ्यावे लागते. आमच्याच घरातील मुलीचे ते आम्ही थांबविले. सुई दुखते म्हणून ती रडे, आणि दिसायला तर बरी होती! ज्वर उलटला, पुढे कृत्रिम झडप बसवावी लागली. रक्त गोठू न देणारी गोळी ती आता रोज घेते, नियमाने रक्त तपासून घेते.

विवाहाची बोलणी करताना असे दुखणे झाकण्याची आपल्याकडे रीत आहे. त्या गोळीपासून गर्भास अपाय होऊ शकतो. म्हणून आम्ही पहिल्याच भेटीत सारे सांगितले. दोन स्थळे परत गेली. तिसऱ्या वेळी मुलाच्या मातोश्रींनी गोळीची वेळ तेवढी विचारून घेतली.