समन्स आल्यानंतर



न्यायालयाचा बेलिफ किंवा पोलीस शिपाई गावात एखाद्याच्या दाराशी आला की शेजारीपाजारी प्रथम विचारतात, "काय केलंत?" समन्स म्हणजे आरोप, ही समजूत अद्यापि गेलेली नाही. वस्तुतः साक्षीदारास येणारे समन्स म्हणजे, अमुक तारखेस येऊन ठाऊक असेल ते सांगावे, अशी न्यायालयाची आज्ञा होय. ते स्वीकारले नाही म्हणजे बाधत नाही, ही दुसरी समजूत तर अधिकच घातक. पूर्वी फौजदारी प्रकरणात साक्षीदार घरी न सापडल्यास समन्स कुटुंबातील सज्ञान पुरुषाकडेच देता येत असे. दिनांक १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार ते घरातील सज्ञान स्त्रीकडेही देता येते. समन्स बजावल्यानंतर सबळ कारणावाचून गैरहजर राहणाऱ्यावर वॉरंट निघू शकते. दिवाणी दाव्यात ५,००० रुपयांपर्यंत दंडही होऊ शकतो.

ग्रामसेवक, मुख्याध्यापक यांसारख्यांनी समन्स हाती येताच ते काळजीपूर्वक वाचावे. दिवाणी न्यायालयाने केवळ दस्तऐवज हजर करण्यास सांगितले असेल, तर तो अन्य कोणाकरवी पोहोचविला तरी आज्ञेचे पालन होते. साक्षही द्यावयाची असेल, तर जन्मनोंद किंवा शाळेचे हजेरीपत्रक आदल्या दिवशीच काढून तपासलेले बरे.

ठरल्या दिवशी खोळंबा होतो, ही सार्वत्रिक तक्रार आहे आणि ती खोटी नाही. साक्षीदार हजर असताना, लेखी नोंदविलेल्या विशेष कारणाखेरीज, त्याची साक्ष न घेता फौजदारी खटला तहकूब करू नये, असे कायदा सांगतो. कायद्याचे हे म्हणणे आणि साक्षीदाराचा अनुभव यांत अंतर आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. दिवसभराची तयारी ठेवून जावे आणि सरकारी वकिलांस आधी भेटावे. घटनेची उजळणी करण्यात गैर काही नाही. उत्तरे पढवून घेणे मात्र गैर.

पुकारा होईपर्यंत साक्षीदाराने दालनाबाहेर थांबावयाचे असते. आत गेल्यावर शपथ दिली जाते. चित्रपटांतल्याप्रमाणे ग्रंथावर हात ठेवण्याची आवश्यकता १९६९ च्या शपथ अधिनियमात नाही. ईश्वराच्या नावाने शपथ घ्यावी किंवा गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करावी, दोहोंचे मोल सारखेच. मग ज्याने बोलावले त्या पक्षाचा वकील सरतपास घेतो. उत्तर तोंडात घालणारे सूचक प्रश्न त्यात सामान्यतः चालत नाहीत. उलटतपासात ते चालतात, आणि तेथेच भला माणूस गडबडतो. "हे आपण पोलिसांना सांगितलेच नव्हते," असा प्रश्न ठरलेला असतो. तपासात पोलिसांनी लिहून घेतलेल्या जबाबावर साक्षीदाराची सही घ्यावयाची नाही, असा कायदाच आहे. तेव्हा सांगितले एक आणि लिहिले गेले दुसरे, असे घडू शकते. अशा वेळी चिडण्याचे कारण नाही. सांगितले होते, तर तसे म्हणावे. आठवत नसेल, तर 'आठवत नाही' हेही पूर्ण उत्तर आहे. वकिलाला जिंकण्याच्या ईर्षेने केलेला एखादा अंदाज दहा खऱ्या उत्तरांचे वजन घालवितो. केवळ अपमान करण्यासाठी विचारलेला प्रश्न न्यायाधीश रोखू शकतात. महाराष्ट्रात १९९८ पासून जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा मराठी आहे. फौजदारी खटल्यात नोंदविलेली साक्ष वाचून दाखविली जाते, तेव्हा लक्ष देऊन ऐकावी आणि चूक असल्यास तेथेच दाखवावी.

परंतु शिक्षक आणि पंचायत सदस्य यांना न्यायालयात जावे लागते, ते पुष्कळदा पंच म्हणून. झडती असो वा घटनास्थळ, गावातले दोन प्रतिष्ठित इसम बोलाविले जातात. चहा होतो, कागद पुढे येतो, सही होते. पुढे दोन-चार वर्षांनी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात तेच गृहस्थ म्हणतात, "सही माझी आहे, मजकूर माहीत नाही." मग सरकारी वकील न्यायालयाच्या परवानगीने आपल्याच साक्षीदाराचा उलटतपास घेतात, गावात 'पंच फुटला' अशी बोलवा उठते, आणि मुद्देमाल खरोखर जेथे सापडला तेथेच सापडला, हे सिद्ध करणे अवघड होऊन बसते. पंच पैशाने फुटलेला असतोच असे नाही. बहुधा त्याने त्या दिवशी काही पाहिलेलेच नसते. म्हणून साक्षीची खरी तयारी समन्स आल्यावर नव्हे, पंचनाम्याच्या दिवशी होते. वस्तू कोठून निघाली, कशी होती, तिला मोहोर कोणी लावली, हे डोळ्यांनी पाहावे, मजकूर वाचावा, मगच सही करावी. झडतीसाठी लेखी आदेश आला असता सबळ कारणावाचून नकार देता येत नाही. न पाहिलेल्या गोष्टीवर सही करण्यास नकार अवश्य देता येतो. नव्या संहितेनुसार झडती व जप्तीचे, त्यात पंचांच्या सहीचेही, चित्रीकरण करावयाचे आहे. 'मी तेथे नव्हतोच' किंवा 'मी सर्व पाहिले', यांपैकी खरे कोणते, ते आता पडद्यावरही दिसू शकेल.

धाकदपटशाचे भय असेल तर ते मनात ठेवू नये. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये साक्षीदार संरक्षण योजनेस मान्यता दिली असून, आता अशी योजना करणे संहितेने प्रत्येक राज्य शासनावर बंधनकारक केले आहे. धमकी आल्यास तारीख, वेळ व शब्द टिपून पोलीस अधिकारी आणि सरकारी वकील यांना लेखी कळवावे. खोटी साक्ष देण्यास कोणी गळ घातली, तर न्यायालयीन कामकाजातील खोट्या पुराव्यास सात वर्षांपर्यंत कारावास आहे, एवढे त्यास सांगावे.

साक्ष झाल्यावर परवानगी घेऊनच निघावे. प्रवासखर्च व भत्ता नियमानुसार मिळतो. तो मागण्यात संकोच नको. शासकीय कर्मचारी व शिक्षक यांनी हजेरीचे प्रमाणपत्र न्यायालयाच्या कार्यालयातून त्याच दिवशी घ्यावे. नंतर त्यासाठी पुन्हा तालुक्याची फेरी पडते.