पाणी कुठलं?

 अध्यक्ष म्हणून प्रथेप्रमाणे वर्षभराच्या संशोधनाचा आढावा लिहून आणलाय. तो स्मरणिकेत वाचालच. मला आज ‘निवडक’ या एका शब्दावर बोलायचंय. बावीस वर्षं थांबलोय.

सकाळपासून थरांच्या पदार्थांवरचे निबंध ऐकले. जो तो पाण्यातलं शिसं ‘निवडून’ काढतोय. मी प्रत्येकाला एकच विचारलं, पाणी कुठलं? उत्तर ठरलेलं : डिस्टिल्ड वॉटर, त्यात लेड नायट्रेट. अहो, ताटात एकच पदार्थ वाढायचा आणि जेवणारा चोखंदळ म्हणायचा?

भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात कॅल्शियम लिटरला 75 मिलिग्रॅमपर्यंत चालतं, शिसं 0.01. दोन्ही मर्यादेवर धरा. शिशाच्या एका आयनामागे कॅल्शियमचे सुमारे 39 हजार! दोघांचा भार सारखाच, दोन. एवढ्या गर्दीतून एकाला ओळखायचं, ही निवड.

तावातावाने बोलतोय, कारण हे पाप मीही केलंय. आमच्या शेतातली काळी माती, मे महिन्यात भेगेत कोपरापर्यंत हात जायचा. त्यातली बारीक चिकणमाती, म्हणजे माँटमोरिलोनाइट, वेगळी केली. डिस्टिल्ड पाण्यात तिने जवळजवळ सगळं शिसं उचललं. पेढे वाटले. मग एके दिवशी डिस्टिलेशनची कॉइल जळाली आणि विद्यार्थ्याने विभागामागच्या बोअरचं पाणी भरलं. एरवी दिवसभर गढूळ राहणारी बाटली काही मिनिटांत निवळली, माती तळाला, वर नितळ पाणी. आम्ही खूश. मोजलं तर निम्मं शिसंही हललं नव्हतं. मातीच्या फटीफटीत कॅल्शियम जाऊन बसलं होतं, त्यानेच ती खाली बसली होती.

तो तक्ता निबंधात घातला. परीक्षकाने लिहिलं, याने मूळ मुद्दा झाकोळतो, गाळावा. बढतीची फाइल वर गेलेली. मी गाळला.

दुपारी शिसं धरायला ‘माती की थरांचं सल्फाइड’ असा वाद रंगला. मी दोन्हींवर बोअरचं पाणी ओतून पाहिलंय. सल्फाइडने शिसं धरलं. गंधकाला शिसं, पारा जवळचे. कॅल्शियमचा ओढा ऑक्सिजनकडे. रसायनशास्त्रज्ञ पिअरसनने 1963 सालीच हे ‘कठीण कठीणाकडे, मृदू मृदूकडे’ नातं मांडलं. माझ्यापुरता वाद मिटला. पण मातीलाही मोडीत काढू नका. फुकुशिमात 2011 नंतर सीझियम जमिनीच्या वरच्याच थरात अडकून राहिलं, ते झिजलेल्या अभ्रकामुळे, व्हर्मिक्युलाइटमुळे. सीझियम अंगावरचं पाणी सहज टाकतं, फटीत शिरतं आणि थर त्याच्यावर मिटतात. कॅल्शियमला पाणी सोडवत नाही, त्याच्यावर थर मिटत नाहीत. याला मी निवड म्हणेन.

करायचं काय? सगळ्यांनी मिळून चाचणीसाठी एक ‘बोअरचं पाणी’ ठरवावं, कॅल्शियम, मॅग्नेशियम, बायकार्बोनेट घातलेलं. समिती नेमता येईल. शिसं भरलेल्या मातीचं पुढे काय करायचं, तेही कोणीतरी हाती घ्यावं. तपशील पुढच्या वर्षी बघू.

संयोजकांची चिठ्ठी आलीय. तो गाळलेला तक्ता माझ्या खिशात आहे, घडीवर फाटलाय. चहाच्या वेळी ज्याला बघायचा त्याने मागून घ्यावा.