आधी बोलणी, मग कपात



गिरणीच्या फाटकाला कुलूप लागले की नोकरी गेली, हे या गावातल्या माणसांना समजावून सांगायला नको. संगणकाच्या धंद्यात फाटक उघडेच राहते. फक्त एके सकाळी माणसाचा परवलीचा शब्द चालेनासा होतो.

२० जानेवारी २०२३ रोजी गूगलच्या मालक कंपनीने सुमारे १२,००० माणसे कमी करण्याचे जाहीर केले. अमेरिकेतल्या नोकरांना ते ईमेलने कळले. भरपाई दिली नाही असे नव्हे. तेथे निदान १६ आठवड्यांचा पगार देऊ केला. २०२१ पासून तेथे एक युनियनही होती. पण सर्व नोकरांच्या वतीने करार करण्याचा हक्क तिला नव्हता. निषेध झाला, तो निर्णयानंतर. बैल गेला आणि झोपा केला!

आता स्वीडन पाहा. १८७६ साली तारयंत्रांच्या दुरुस्तीच्या धंद्यातून उभी राहिलेली एरिक्सन कंपनी. फेब्रुवारी २०२३ मध्ये तिनेही मायदेशातल्या सुमारे १,४०० जागा कमी करण्याचे जाहीर केले. पण युनियनांशी बोलणी झाल्यावर. कारण १९७६ च्या तिथल्या कायद्याने, मोठा बदल ठरवण्यापूर्वी मालकाने आपण होऊन युनियनला चर्चेस बोलावलेच पाहिजे. शिवाय मालक व युनियन यांनी १९७४ साली मिळून काढलेली एक संस्था आहे. नोकरी गेलेल्या पांढरपेशांना ती नवे काम शोधून देण्यास साहाय्य करते, आणि खर्च मालकांच्या वर्गणीतून चालतो.

कोणी म्हणेल, जागा शेवटी गेल्याच ना? गेल्या. अखेरचा शब्द तिथेही मालकाचाच असतो. पण किती जाणार, कोण जाणार, आपखुशीने कोण निघेल, हे प्रश्न वेळेवर विचारता येतात आणि मालकाला उत्तर द्यावे लागते. माणूस आकडा होण्यापूर्वी त्याचे म्हणणे ऐकले जाते. आम्ही याला लहान गोष्ट मानत नाही.

जुलै २०२५ मध्ये आपल्या टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने सुमारे दोन टक्के, म्हणजे १२,००० हून अधिक माणसे कमी करण्याचे जाहीर केले, तेव्हा हा प्रश्न आपल्या उंबरठ्यावर आला. आपले पुष्कळ इंजिनिअर स्वतःला कामगार म्हणवून घेण्यास संकोचतात. त्यांना आमचे एवढेच सांगणे आहे: संघटना संकटाच्या दिवशी उभी राहत नाही. चांगल्या पगाराच्या दिवसांतच वर्गणी भरून ती उभी करावी लागते.