कूस बदलायची पाळी

(युवा शिबिरातील भाषणाचे शब्दांकन)



मला 'सेवा' या विषयावर बोलायला सांगितलंय. शब्द फार मोठा आहे. तो जरा बाजूला ठेवतो आणि एका व्हीलचेअरबद्दल बोलतो.

मी जुन्नरचा. आमच्या जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात, तळेघरहून भीमाशंकरकडे जाताना रस्त्यापासून आत एक वाडी आहे. महादेव कोळ्यांची वीस-पंचवीस घरं. वाडीचं आणि माणसाचं नाव सांगत नाही. आम्ही त्यांना दादा म्हणतो, तुम्हीही म्हणा. या भागात भात घरात खायला होतो, रोख पैसा येतो तो मुख्यतः हिरड्यातून. उन्हाळ्यात बाळहिरडा काढायला माणसं उंच झाडावर चढतात. दादा चढले आणि फांदी मोडली. मणक्याला मार बसून कमरेखालचं अंग गेलं, लघवी-संडासावरचा ताबा गेला. तेव्हा त्यांनी तिशीही गाठली नव्हती.

त्यांना व्हीलचेअर मिळाली होती. देणाऱ्यांनी हार घातला, फोटो काढला. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा त्या खुर्चीवर भाताचं पोतं होतं. घराचं जोतं उंच, अंगणाला उतार, पुढे दगडांची पायवाट, आणि पावसाळ्यात असा चिखल की चपलाच काय, पायही निघत नाही. ती खुर्ची फरशीवर फिरायला केलेली. वाडीत फरशी कुठंय?

आम्ही दादांना विचारलं, तुम्हाला काय पाहिजे? बराच वेळ ते गप्प होते. असा प्रश्न त्यांना आधी कुणी विचारला नसावा. मग म्हणाले, "रात्री कुणी कुशीवर वळवलं तर बरं व्हईल. ही दिवसभर मजुरीला जाती. तिला उठवायचं माझ्या जिवावर येतं."

यात काय आहे ते नीट समजून घ्या. मणक्याला इजा झालेल्या माणसाला कमरेखाली काही जाणवत नाही. तुम्ही-मी झोपेतसुद्धा अंग हलवतो, त्याला ते जमत नाही. एकाच जागी दाब राहिला की तिथला रक्तपुरवठा थांबतो, कातडी काळी पडते आणि जखम हाडापर्यंत जाते. हे शय्याव्रण. आधी डाग दिसतो, मग वास येतो, मग ताप. या जखमांनी आणि लघवीच्या संसर्गाने माणसं मरतात. उपाय साधा आहे : साधारण दर दोन तासांनी कूस बदलणं, बसला असेल तर थोड्या थोड्या वेळाने हातांवर भार घेऊन बूड उचलणं, कातडी कोरडी ठेवणं, रोज टाचा आणि माकडहाड बघणं. औषध स्वस्त आहे हो, पण ते दिवसरात्र द्यावं लागतं.

आता हे कोण करणार? आम्ही सहा जण. कुणी जुन्नरचा, कुणी मंचरचा. महिन्यातून तीनदा गेलो तरी त्या तीन दिवसांत कूस किती वेळा बदलणार?

इथे वाडीनेच वाट दाखवली. डोंगरउतारावर भातखाचरं करायला तिथे 'पडकई' असते. सगळी घरं मिळून आज एकाच्या उतारावर बांध घालतात, उद्या दुसऱ्याच्या. कुसुम कर्णिक आणि आनंद कपूर यांच्या 'शाश्वत' संस्थेने याच आंबेगाव तालुक्यात आदिवासींबरोबर काम करताना या रीतीला बळ दिलं. त्या संस्थेला २०१२ साली संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कारही मिळाला. शेजारच्या एका म्हाताऱ्यानेच म्हटलं, "खाचराची पडकई व्हती, मग माणसाची का नाय?" लगेच पाळी ठरली. संध्याकाळी भाऊबंद. रात्री दहाला पुतण्या. मध्यरात्री वहिनी, पण एकदाच. पहाटे गुरांसाठी उठतो तो म्हातारा. दुपारी शेजारची मावशी येते आणि दोन शब्द बोलूनही जाते. मला विचाराल तर त्या दोन शब्दांचं मोल गादीपेक्षा जास्त आहे. गादी आम्ही पाण्याची आणली. हवेची गादी विजेवर चालते, आणि पावसाळ्यात तिथे वीज किती टिकते हे आम्हाला ठाऊक आहे.

आमच्या वाट्याला आले कागद. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ सालचा. पूर्वीच्या कायद्यात सात प्रकार होते, यात एकवीस आहेत. चाळीस टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्वाचं प्रमाणपत्र असेल तर पुढची बहुतेक दारं उघडतात. पण प्रमाणपत्रासाठी माणूस तपासणीला न्यावा लागतो. दादांना डोलीतून रस्त्यापर्यंत आणायचं, तिथून जीपने. पहिल्या खेपेला डॉक्टर रजेवर, दुसऱ्या खेपेला संगणक बंद. रुग्णालयाचं नाव घेत नाही, अशी बरीच आहेत. तिसऱ्या खेपेला आमच्यातली एक मुलगी आदल्या दिवशी स्वतः जाऊन वेळ, डॉक्टर आणि यंत्र तिन्हींची खात्री करून आली. काम झालं. दुसऱ्याच्या आजारी अंगाला हेलपाटा पडू नये म्हणून आपल्या धडधाकट अंगाने एक हेलपाटा आधी घालायचा. स्वयंसेवकाचं निम्मं काम हेच.

मग घोडेगावच्या तहसील कार्यालयात संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज. दिव्यांगांसाठी ही रक्कम २०२५ मध्ये महिना दीड हजारांवरून अडीच हजार झाली. ग्रामपंचायतीनेही स्वतःच्या उत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. पण घरपट्टीच जेमतेम जमणाऱ्या गावात पाच टक्के म्हणजे किती? ज्या गावाला गरज जास्त, तिथेच हा आकडा सगळ्यात लहान. यावर बोलायला हवं, आणि ग्रामसभेत दादांच्याच तोंडून. गेल्या खेपेला चौघांनी त्यांना उचलून ग्रामसभेत नेलं. त्यांनी घरासमोरच्या उताराला सिमेंटचा रॅम्प मागितला. मिळाला. भाताचं पोतं आता खाली आहे.

मला काही मित्र विचारतात, "आपल्या समाजात अपंग कमी आहेत का, की तू डोंगरावर जातोस?" प्रश्न रास्त आहे. उत्तर मी नसीमा हुरजूक यांच्याकडून घेतो. ऐन तरुणपणी त्यांचं कमरेखालचं अंग गेलं. दादांसारखंच. १९८४ साली त्यांनी कोल्हापुरात 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' उभी केली. दारात जात-धर्म विचारला नाही. 'चाकाची खुर्ची' हे त्यांचं आत्मचरित्र वाचा. दया करणाऱ्यांनी दिलेला त्रासही त्यात सापडेल. आणि दुसरं उत्तर असं की वाडीत शिकलेलं आमच्या मोहल्ल्यात परत आलं. जुन्नरमध्ये वरच्या मजल्यावर वर्षानुवर्षं पडून असलेल्या दोन बायका आम्हाला आता दिसल्या. त्या आधीही तिथेच होत्या. रमजानमध्ये त्यांच्या घरी शिधा जायचा, पण जिना चढून कुणी वर गेलं नव्हतं.

अजून एक गोष्ट बाकी आहे. ३० जुलै २०१४ ला याच आंबेगाव तालुक्यात माळीण गाव डोंगराखाली गेलं. दीडशेहून जास्त माणसं गेली. त्यानंतर मुसळधार पाऊस लागला की वाड्यांना घरं सोडायला सांगतात. चालणारा निघतो. दादांना कोण उचलणार? कायद्याचं आठवं कलम म्हणतं की आपत्तीत दिव्यांगांना समान संरक्षण मिळालं पाहिजे आणि जिल्ह्यात त्यांची नोंद असली पाहिजे. नोंदीसाठी अर्ज दिलाय. तोवर दादांच्या भिंतीवर खडूने चार नावं लिहिली आहेत, खाली फोन नंबर, शेजारी डोलीचा बांबू टांगलेला. चौघांपैकी एक जण कामाला चाकणला गेलाय. त्याच्या जागी कोण, हे पावसाआधी ठरवायचंय. मंचरच्या दोन मुलांनी परवा विचारलं, आम्ही आलो तर चालेल का? वाडीने सांगितलंय, राहायला यायचं असेल तर या, नुसतं बघायला नको. रविवारी सकाळी सातला आम्ही निघतोय. गाडीत अजून दोन जागा आहेत.