ईश्वरविज्ञानाचा अभ्यास आणि आपली मराठी

(डोंगरकडा येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



आजचा विषय आहे ख्रिस्ती ईश्वरविज्ञानाचा उच्च अभ्यास. आपल्या गावात हा विषय कशाला, असं कुणाच्या मनात आलं असेल तर ते स्वाभाविक आहे. नामदेवरायांचं नर्सी आपल्याच जिल्ह्यात, औंढ्याचा नागनाथही इथलाच. देवाविषयी बोलायला आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. पण देवाविषयी बोलणं वेगळं, आणि त्या बोलण्याचा वर्षानुवर्षं बसून, मूळ ग्रंथ उघडून, इतिहासाशी ताडून अभ्यास करणं वेगळं. दुसऱ्या एका धर्माची माणसं हे काम कसं करतात ते बघण्यासारखं आहे. त्यातलं मोलाचं काम मराठी माणसांनी केलेलं आहे, आणि आपण ते जवळजवळ विसरलो आहोत. म्हणून मी हा विषय मागून घेतला.

या शिक्षणात शास्त्र (म्हणजे बायबल), इतिहास, ईश्वरविज्ञान आणि उपासना अशा मुख्य शाखा असतात. अभ्यासक्रमाची यादी मी वाचून दाखवणार नाही. एकच उतारा घेऊ.

बायबलच्या जुन्या करारात ‘अनुवाद’ नावाचं पुस्तक आहे. त्याच्या सव्विसाव्या अध्यायात एक शेतकरी भेटतो. शेतातलं पहिलं पीक टोपलीत घालून तो याजकाकडे जातो. याजक टोपली घेऊन वेदीपुढे ठेवतो. मग शेतकऱ्याने स्वतःच्या तोंडाने काही म्हणायचं असतं. तिथे तो पाऊस मागत नाही, पुढच्या हंगामाची बरकत मागत नाही. तो आपल्या कुळाची हकिकत सांगतो. आमचा पूर्वज भटका अरामी होता, मूठभर माणसं घेऊन तो मिसर देशात गेला, तिथे आमचा वंश वाढला, मिसरी लोकांनी आम्हाला वेठीला धरलं, आम्ही टाहो फोडला, देवाने तो ऐकला, आम्हाला बाहेर काढलं आणि ही जमीन दिली. त्या जमिनीतलं हे पीक. एवढं बोलून नमस्कार करायचा, आणि घरच्यांबरोबर देवसेवेतल्या लेवीला आणि गावात राहणाऱ्या परक्यालाही आनंदात सामील करून घ्यायचं.

आता पदव्युत्तर वर्गात काय होतं पाहा. शास्त्राचा विद्यार्थी हा उतारा हिब्रूतून वाचतो आणि विचारतो, हे शब्द कधीचे? गेरहार्ड फॉन राड या जर्मन अभ्यासकाने 1938 साली मांडलं, की ही इस्राएल लोकांची फार जुनी, छोटीशी श्रद्धेची कबुली आहे आणि पुढची मोठी कथा तिच्यातून फुलली. नंतरच्या अभ्यासकांनी दाखवलं, की भाषा बरीचशी त्याच पुस्तकाच्या उशिराच्या वळणाची आहे. तेव्हा प्राचीनतेचा दावा जपून करावा. इतिहासाचा विद्यार्थी मिसरातल्या वेठबिगारीला आणि सुटकेला बाहेरचा पुरावा किती, हे तपासतो. उपासनेचा विद्यार्थी टोपली कुणाच्या हातातून कुणाच्या हातात जाते ते बघतो, बोलण्याचा मान याजकाला न देता शेतकऱ्याला का दिला ते विचारतो. मग तो आजच्या चर्चकडे वळतो. सुगीच्या दिवसांत मंडळी धान्य, भाजीपाला, कोंबडी अर्पण म्हणून आणते आणि उपासनेनंतर अंगणात त्याचा लिलाव होतो. त्याचं त्या जुन्या टोपलीशी नातं काय, हा त्याचा प्रश्न. आणि ईश्वरविज्ञानाचा विद्यार्थी विचारतो, वेठीला धरलेल्यांचा टाहो ऐकतो तो देव कसा, आणि आज तो कुणाचा टाहो ऐकत असेल?

हा शेवटचा प्रश्न एका मराठी माणसाने असा विचारला, की भारतातलं ख्रिस्ती ईश्वरविज्ञान त्यानंतर पहिल्यासारखं राहिलं नाही. त्यांचं नाव अरविंद निर्मळ. 1981 साली बंगळूरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात त्यांनी शूद्र ईश्वरविज्ञानाची दिशा दाखवणारं भाषण केलं. पुढे चेन्नईच्या गुरुकुल लुथरन महाविद्यालयात दलित ईश्वरविज्ञानाचा विभाग त्यांनी सांभाळला. त्यांचं म्हणणं साधं होतं. भारतातल्या चर्चमध्ये बसणारे बहुसंख्य लोक दलित, पण भारतीय ख्रिस्ती विचार म्हणून जे शिकवलं जातं ते बहुतांश उच्चवर्णीय धर्मांतरितांनी वेदान्ताशी केलेलं संभाषण. मग टाहो फोडणाऱ्यांचं ईश्वरविज्ञान कुठे आहे?

त्यासाठी निर्मळांनी हाच सव्विसावा अध्याय उघडला. त्यांच्या मांडणीचा आशय असा: तो अरामी भटका तरी होता, त्याला भटकण्याची मोकळीक तरी होती, माझ्या दलित पूर्वजाला तीही नव्हती, त्याला गावातून बाहेर काढलं आणि गावाशी बांधूनही ठेवलं. मराठवाड्यात ज्याने गावकुसाबाहेरची वस्ती पाहिली आहे, मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या काळात काय जळलं ते ज्याच्या घरच्यांनी भोगलं आहे, त्याला या वाचनाचा अर्थ फोडून सांगावा लागणार नाही. हिब्रू येणं, जर्मन अभ्यासकांचा वाद माहीत असणं, आणि आपल्या आजोबांची हकिकत विसरलेली नसणं, या तिन्ही गोष्टी एका माणसात आल्या तेव्हा हे वाचन झालं. माझ्या मते धर्माच्या अभ्यासाची खरी उंची हीच.

निर्मळांच्या आधी शंभर वर्षं एका मराठी बाईने असंच धाडस केलं होतं. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज इथे झाला. तेव्हा त्या पंचविशीच्या होत्या. ज्या भगिनींच्या मठाने त्यांना आसरा दिला, त्यांची अपेक्षा होती की आता या बाईने चर्च सांगेल ते मुकाट्याने मान्य करावं. रमाबाईंनी मानलं नाही. त्या मठातल्या सिस्टर जेराल्डिन आणि चेल्टनहॅमच्या शिक्षिका डोरोथिया बील यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार झाला, तो छापलेला आहे. देव एक की तीन रूपांत एक, या सिद्धांताला शास्त्रात आधार कुठे, असं त्या विचारतात. माझ्या सदसद्विवेकावर बिशपांचा अधिकार किती, असं विचारतात. त्यांना वापरायला दिलेल्या क्रुसावर लॅटिन अक्षरं होती. जी भाषा मला कळत नाही तिच्यात माझी श्रद्धा का लिहायची, संस्कृतात का नको, असा त्यांचा सवाल होता. विद्यापीठाची कुठलीही पदवी नाही, आश्रित म्हणून राहणं, आणि तरी ही निर्भयता. ही पत्रं मी जेव्हा जेव्हा वाचतो तेव्हा वाटतं, की मराठीतल्या प्रत्येक विद्यार्थ्याने, मग तो कोणत्याही धर्माचा असो, ती एकदा वाचावीत.

पुढे केडगावच्या मुक्तिसदनात त्यांनी बायबलचं मराठी भाषांतर हाती घेतलं. इंग्रजीवरून न करता हिब्रू आणि ग्रीक मुळावरून करायचं, असा त्यांचा हट्ट होता. त्यासाठी त्या उतारवयात या भाषा शिकल्या. आश्रमातल्या बायकांनी खिळे जुळवले, छपाई केली. दुष्काळात घरदार गेलेल्या, टाकून दिलेल्या बायका तिथे होत्या. त्यांच्या हातून एक संपूर्ण बायबल छापलं गेलं. खेड्यातल्या बाईला समजेल अशी भाषा ठेवायची, हा रमाबाईंचा कटाक्ष होता. 5 एप्रिल 1922 रोजी त्या वारल्या. पूर्ण ग्रंथ 1924 मध्ये प्रसिद्ध झाला.

याहून जुनी गोष्ट गोव्याची. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट 1579 मध्ये गोव्यात आला, इथली भाषा शिकला आणि सुमारे अकरा हजार ओव्यांचं ख्रिस्तपुराण त्याने रचलं. 1616 साली ते राशोल इथे छापलं गेलं. रेव्हरंड ना. वा. टिळक अहमदनगरच्या ईश्वरविज्ञान शाळेत शिकवत आणि कीर्तनाला उभे राहत; तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो असं ते म्हणत. या दोघांबद्दल बोलायला वेगळी संध्याकाळ लागेल.

संस्थांचं थोडक्यात सांगतो. बंगालमधलं सेरामपूर कॉलेज 1818 चं. 1827 मध्ये डेन्मार्कच्या राजाने त्याला पदव्या देण्याची सनद दिली आणि 1918 च्या कायद्याने ती पक्की झाली. देशभरातली अनेक महाविद्यालयं त्याच्या सिनेटशी जोडलेली आहेत, पुण्याचं युनायटेड थिऑलॉजिकल सेमिनरीही. कॅथलिकांची पेपल सेमिनरी 1893 मध्ये श्रीलंकेत कँडी इथे निघाली आणि 1955 मध्ये पुण्याला आली. युनियन बिब्लिकल सेमिनरी 1953 साली निघाली ती पैनगंगेपलीकडे, आपल्या शेजारच्या यवतमाळला. तीस वर्षं ती तिथे होती. 1983 मध्ये पुण्याला गेली. कापसाच्या जिल्ह्यात तीस वर्षं ग्रीक आणि हिब्रू शिकवलं जात होतं, हे आपल्याकडे किती जणांना ठाऊक आहे?

माझी तक्रार इथेच आहे. हा पदव्युत्तर अभ्यास आज बहुतेक सगळा इंग्रजीत चालतो. पुण्यात बसून एखादा मुलगा मराठवाड्यातल्या मंडळ्यांवर, मराठी गीतांवर, कीर्तनावर प्रबंध लिहितो, आणि तो प्रबंध ज्यांच्याविषयी आहे त्यांनाच तो वाचता येत नाही. इंग्रजीशिवाय जगभरच्या अभ्यासकांशी बोलता येणार नाही, हे मला मान्य आहे. पण रमाबाईंना इंग्रजी उत्तम येत होतं, आणि त्यांनी आयुष्याची शेवटची वर्षं मराठीला दिली.

दुसऱ्या बाजूने आपली विद्यापीठंही हात राखून आहेत. राज्यघटनेच्या 28 व्या कलमाने सरकारी खर्चाने चालणाऱ्या संस्थेत धर्माचं शिक्षण द्यायला मनाई आहे; धर्माचा अभ्यास करायला नाही. 2002 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा फरक स्पष्ट केला. मद्रास आणि म्हैसूर विद्यापीठांत ख्रिस्ती धर्माच्या अभ्यासाचे विभाग आहेत. मराठवाड्याने ही वाट धरायला हरकत नाही. जानेवारी 2020 मध्ये धाराशिवच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते. एक ख्रिस्ती धर्मगुरू त्या खुर्चीवर बसण्याची ती पहिलीच वेळ. काहींनी विरोध केला, पण संमेलन मराठवाड्यात झालं आणि लोकांनी त्यांना ऐकलं. बायबलच्या सुबोध मराठी भाषांतरामागे त्यांचा ईश्वरविज्ञानाचा आयुष्यभराचा अभ्यास होता. 2024 च्या जुलैमध्ये ते गेले.

इथे मराठी घेऊन एम. ए. करणारी मुलंमुली बसलेली आहेत. नांदेडला विद्यापीठात प्रबंधाचा विषय नोंदवायला जाल तेव्हा एक विनंती लक्षात ठेवा. ख्रिस्तपुराण देवनागरीत शांताराम बंडेलूंनी 1956 मध्ये संपादित केलेलं आहे. रमाबाईंची पत्रं छापलेली आहेत, पण मूळ इंग्रजीत. ती नीट मराठीत आणण्याचं काम मोठं आहे. आपल्या भागातल्या मंडळ्यांच्या वह्यांत हातांनी उतरवलेली भजनं आहेत, ती म्हणणारी म्हातारी माणसं आज हयात आहेत. त्यांच्याकडे जा, बसून ऐका आणि लिहून घ्या. आणि सेमिनरीतून शिकून आलेले जे पाळक या भागात सेवा करतात, त्यांनी आपले प्रबंध मराठीत उतरवून आपल्या मंडळीला आणि या गावच्या वाचनालयाला द्यावेत.